पडदा

सारेमा बेटाच्या पश्चिम टोकाला, जुनिपरच्या झुडपांत
तिसऱ्यांदा बंद पडली गाझ.
युलोनं टोपी बॉनेटवर आपटली.
जुन्या गाड्यांचा मेळावा अजून अकरा किलोमीटर,
आणि मागच्या फळीवर त्याची नात
कागदातून धुरावलेला मासा खातेय, शांतपणे.

पाच मिनिटं पळते, मग ठसका,
मग उचकी, मग काही नाही.
तो म्हणतो, कॉइल. तो नेहमी कॉइलच म्हणतो.
मी म्हणते, थांब, बघू दे
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय.

काचेची वाटी अर्धी. तळाशी गंज, एक मेलेली मुंगी.
पंपाचा हातदांडा हलवला, तर हलका, पोकळ.
क्रँकनं इंजिन अर्धा फेरा फिरवलं,
कॅम उतरला, दांड्याला वजन आलं,
तरी वाटी भरेना.
ऑइलची पट्टी ओढून हुंगली:
पेट्रोल.
म्हणजे पडदा गेला.

हल्लीच्या पेट्रोलात दारू असते.
जुन्या पडद्याला ती पचत नाही.
माझ्या नवऱ्याला पचायची. तोही गेलाच.

सहा स्क्रू. आधी खिळ्यानं कडेला खूण,
नाहीतर बसवताना तोंड भलतीकडे येतं.
स्प्रिंग उडाली गवतात,
नातीनं शोधून दिली, माशाच्या बोटांनी.

तीन थर कारखान्याचे, लाखेचे,
शिळ्या पापुद्र्यासारखे तडकलेले.
आणि त्यांच्या मधे एक हिरवा.
रेनकोटाचं कापड. घाईघाईत कातरलेलं,
एका कडेला शिवण तशीच राहून गेलेली.

ही गाडी सीमादलाची. इथं सगळ्यांना माहीत आहे.
याच किनाऱ्यावर रोज संध्याकाळी
वाळू दंताळ्यानं विंचरून ठेवायचे.
सकाळी पाऊल उमटलेलं दिसलं की कुत्री निघायची
आणि कुत्र्यांच्या पुढे ही.

चौसष्ट साली वेलो गेला, माझा भाऊ,
डांबर फासलेल्या होडीतून, गोटलंडच्या दिशेनं.
दोन वर्षं घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही.
मग एक पोस्टकार्ड आलं, खाली बाईचं नाव,
मजकुरात फक्त हवामान.
आई ते पिठाच्या डब्यात ठेवायची.
कार्ड झटकलं की अजून पीठ पडतं.

त्या रात्री, म्हणतात, गाडी वाटेतच थांबली.
कुणी म्हणतं, ड्रायव्हर पोल्टावाकडचा पोरगा होता,
एकोणीस वर्षांचा, त्यानंच काहीतरी केलं.
कुणी म्हणतं, कसलं काय,
गाझच ती, थांबायचीच.

हिरव्या कापडाला, मधल्या दांड्यापासून दोन बोटांवर
एक भोक आहे. बारीक, गोल.
उजेडाकडे धरलं
तर त्यातून समुद्राचा एक ठिपका दिसतो.
घासून पडलं असेल.
घासून पडलेली भोकं मी शेकडो पाहिलीत,
त्यांची कड पिंजते. ही कड...
चष्मा घरी राहिला होता.
आणि एका थराला भोक पडून गाडी थांबत नाही,
हेही मला माहीत आहे. चाळीस वर्षं हेच करतेय.

"काय सापडलं?" युलो ओरडला.
"पडदा," मी म्हटलं. "फाटलाय."

पावाची प्लास्टिकची पिशवी रिकामी केली,
दुहेरी घडी, झाकणावर ठेवून चाकूनं कातरली.
लाखेच्या दोन थरांमधे घातली. स्क्रू समोरासमोरचे आवळले.
हिरवा तुकडा खिशात टाकला.
दांडा नातीला मारायला दिला.
सतराव्या झटक्याला वाटी भरू लागली,
बुडबुडे वर आले, आणि ती पोर
माशाचं डोकं हातात धरून खिदळली.

पुढे सहा किलोमीटरवर पुन्हा थांबलो.
या खेपेला खरंच कॉइल निघाली.
युलो आठवडाभर गावात
तेवढंच सांगत फिरला.